घाटावरची तिसरी कडी

आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही, हे सांगायला भूगोलाच्या बाईची गरज नाही. तरी मी तेच शिकवते, मावल्याला, तेलुगू राज्याच्या सरकारी शाळेत, मराठी माध्यमाच्या उरल्यासुरल्या मुलांना. त्यामुळे माझा धाकटा भाऊ कोकणातून शिडाची बोट ट्रकवर घालून गावात आला, तेव्हा गावातल्या सगळ्यांनी मलाच फोन केले. जणू ती मीच मागवली होती.

आमचं गाव बोथकडच्या बाजूला, धरणाच्या काठावर आहे. मी तिसरीत होते तेव्हा धरणात पाणी साठलं आणि खोलगटातली आमची वस्ती, बौद्धांची, अख्खी पाण्याखाली गेली. वरचं गाव, म्हणजे दुकानदारांचं आणि भाजीवाल्यांचं, जागच्या जागी राहिलं. आम्हाला माळावर घरं दिली आणि जमिनीचे पट्टे दिले ते तलावाच्या पलीकडच्या काठावर. घर इकडे, कापूस तिकडे. देणाऱ्याने नकाशा उलटा धरला होता की काय, कोण जाणे. सडकेनं जायचं तर हमरस्त्यापर्यंत जाऊन पूर्ण वळसा घालावा लागतो, ट्रॅक्टरचा अर्धा दिवस जातो. म्हणून आमची माणसं डोंग्यातून जात. डोंग्यात चार माणसं आणि एक गाठोडं. एकदा तो उलटला, तेव्हा माझ्या चुलतीला केसांना धरून वर काढलं होतं.

भाऊ विशीत गाव सोडून गेला होता. कोकणातल्या एका खाडीवर बोटी दुरुस्त करण्याच्या कामाला लागला आणि तिथेच चौदा वर्षं राहिला. मालकानं मोडीत काढलेली एक बोट त्यानं मागून घेतली आणि कामातून वेळ काढून दोन वर्षं ती नीट केली. बारा माणसं आणि एका घराचा दिवसभराचा वेचलेला कापूस एका खेपेत येईल एवढी मोठी. डिझेल नको, इंजिन नको. आमच्या तलावावर सकाळी एका अंगाचा वारा असतो आणि दुपारनंतर दुसऱ्या, हे त्यानं लहानपणी पाहिलेलं लक्षात ठेवलं होतं. मी तिथेच वाढले आणि वारे शिकवूनच पोट भरते, पण माझ्या ते कधी लक्षात आलं नव्हतं.

बोट चालली तर तो गावात राहणार होता. नाही चालली तर परत जाणार होता. त्याला दुसरं काही काम येत नव्हतं, शेतीची सवय कधीच मोडली होती. आणि आमच्या मायचं वय पंच्याहत्तरच्या पुढे गेलं होतं. तो राहावा यासाठी ती रोज सकाळी बोटीला हात लावून यायची, गाभण म्हशीला लावावा तसा.

पहिला प्रश्न आला तो बोट बांधायची कुठे. डोंगा दोन माणसं ओढून काठावर घेतात. ही बोट दहा जणांना हलली नसती. ती बाराही महिने पाण्यातच राहणार, म्हणजे भर पावसाळ्यात जिथे चालेल तिथेच वैशाखातही चालायला हवं. आणि आमचा तलाव वैशाखात चार पुरुष, म्हणजे चार माणसांच्या उंचीइतका, खाली उतरतो.

भावानं घाई केली नाही. आठ दिवस तो डोंग्यातून फिरत होता. दुकानातलं दोन किलोचं लोखंडी वजन त्यानं दोरीला बांधलं होतं, दोरीला हाताहातावर गाठी मारल्या होत्या आणि वजनाच्या बुडाला अंगाचा साबण लावला होता. वजन तळाला टेकलं की गाठी मोजायचा, मग वर ओढून साबण बघायचा. साबणाला गाळ चिकटला तर चांगलं, वाळू चिकटली तर बरं, साबण नुसता खरचटून आला तर खाली खडक. एका रविवारी मीही त्याच्याबरोबर डोंग्यात बसले. त्या दिवशी आम्ही दोघं फार हसलो. तो मला बाई म्हणतो, आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात, पण शाळेतली मुलंही बाईच म्हणतात, त्यामुळे तो काही समजावून सांगायला लागला की मला वर्गात उलटं बसल्यासारखं वाटायचं.

"हे पाह्य बाई," तो म्हणाला, "बैल खुट्याले बांधला का तो गोल चरते. बोट बी तशीच फिरते, वारा जिकडून तिकडून. तेवढा घेर मोकळा पाह्यजे. खाली गाळ पाह्यजे, नांगर रुताले. अन् वारा आडवणारं कायतरी पाह्यजे. आपल्या इथी मोठा वारा येते तो मावळतीकडून."

तीन जागा त्यानं पाहिल्या. नाल्याच्या तोंडाशी आडोसा होता, पण दरसाल गाळानं ती जागा भरत होती आणि पूर आला की झाडं वाहून यायची. दुसरी जागा घाटाची. घाट वरच्या गावाला लागून, सडक थेट पायऱ्यांपर्यंत, चढउतार सोपी. पण मावळतीकडचं सगळं पाणी घाटापुढे उघडं, आणि शेवटच्या पायरीखाली खडक. साबण तिथे तीनदा खरचटून आला. तिसरी जागा टेकडीच्या मागची. मावळतीला टेकडी, खाली गुडघाभर गाळ, वैशाखातही दोन पुरुष पाणी.

"हेच," तो म्हणाला. "असं ठिकान मले खाडीवर बी भेटलं नसतं."

ती जागा आमच्या जुन्या वस्तीवर होती. डोंग्याच्या बरोबर खाली आमचं घर, चुलीचा कोपरा, मायनं लावलेलं सीताफळ. पिढ्यान्‌पिढ्या आम्हाला त्या खड्ड्यात ठेवलं होतं, कारण सगळ्या गावाचं पाणी तिथे उतरायचं. आता तिथेच सगळ्यात जास्त पाणी होतं, यात नवल ते काय?

माझं डोकं फिरलं. माझ्या नाकावर राग असतो, हे माझे विद्यार्थीही सांगतील. मी म्हणाले, पुन्हा त्याच खड्ड्यात? जमीन होती तेव्हा खड्डा आमचा, पाणी आलं तरी खड्डाच आमचा? तिथून माळावरच्या वस्तीपर्यंत काटेरी पायवाट आहे, कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन बायकांनी ती चढायची? आणि समोर सरकारनं बांधलेला घाट कोणासाठी आहे?

घाटाबद्दल सांगायला हवं. तो धरणाबरोबरच बांधला. पायऱ्यांमध्ये तीन लोखंडी कड्या बसवल्या आहेत. पहिल्या कडीला भाजीवाल्यांचा, मळ्यांना पाणी उपसणाऱ्या पंपाचा तराफा असतो, दुसरीला मासेमारीवाल्यांच्या होड्या. तिसरी गंजत पडलेली. आमचा डोंगा धुण्याच्या दगडांच्याही पलीकडे, गावाची नाली जिथे पाण्यात पडते तिथे. तिथेच का, असं कोणी कधी विचारलं नव्हतं. आम्हाला घाटावर कोणी मनाई केली नव्हती. मनाई करायला आधी कोणीतरी मागावं लागतं, आणि आम्ही मागितलंच नव्हतं. आमच्या बायका पाण्याला गेल्या तरी घाटाला वळसा घालून जात. मी शिकले, नोकरीला लागले, गाडी घेतली, तरी त्या पायऱ्या मी आयुष्यात उतरले नव्हते.

रात्री जेवताना माय म्हणाली, "पोरगा बराबर सांगून राह्यला. वावधान सुटलं का वरच्या गावाच्या छपराच्या टिना उडत. आपल्या वस्तीतला दिवा बी इझत नोता. टेकडीच्या आड होतो ना आपन."

मी तिला म्हणाले, "तुला खड्ड्याचीच सवय झाली आहे, माय."

ती ताटातली भाकर मोडत राहिली. असं बोलल्यावर माणसानं निदान जीभ चावावी. मला मात्र त्या क्षणी मी फार खरं बोलले असं वाटलं होतं.

मी दरखास्त लिहिली. तीन वेळा फाडून चौथ्यांदा लिहिली. सार्वजनिक घाटावर सगळ्यांचा सारखा हक्क, तिसरी कडी रिकामी, वस्तीच्या बोटीला ती मिळावी, एक नक्कल तालुक्याच्या मंडल ऑफिसला. वस्तीतल्या पन्नास जणांच्या दस्तखती घेतल्या. भावानंही सही केली. मी त्याला काही विचारलं नाही.

ग्रामसभेत मी कमरेला पदर खोचून गेले होते. सरपंच भाजीवाल्यांपैकी, सावकाश बोलणारा माणूस. त्यानं कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "बांधा ना, टीचर बाई. तुमाले कोनं आडवलं?"

झालं, संपलं. मी तयार करून आणलेलं अर्ध्या तासाचं भाषण माझ्या घशातच राहिलं. म्हणाला तेव्हा तो हसला होता. त्या हसण्याचा अर्थ मी नंतर इतक्या वेळा लावला आहे की आता ते मला नीट आठवतसुद्धा नाही.

दसऱ्याच्या दिवशी आम्ही बोट घाटाला आणली. तलाव काठोकाठ भरला होता, खडक पाच पुरुष खाली होता. पुढचा दोर तिसऱ्या कडीला, मागे पाण्यात नांगर. वस्ती सगळी पायऱ्यांवर उभी राहिली आणि फोटो काढला. फोटोत मी मधोमध आहे. भाऊ कुठे आहे ते शोधावं लागतं, तो वाकून गाठ तपासतो आहे. तो फोटो मी वस्तीच्या ग्रुपवर टाकला, शाळेच्या ग्रुपवर टाकला, नागपूरच्या नातेवाइकांना पाठवला. दिवसभर मोबाइल वाजत होता.

पुढचे चार महिने सुखाचे गेले, हे नाकारण्यात अर्थ नाही. कापसाच्या दिवसांत बोट रोज तीन खेपा करायची. शीड फुगलं की बाया घाबरून एकमेकींना धरायच्या आणि मग हसायच्या. माघापर्यंत वरच्या गावातल्याही काही बाया तीत बसायला लागल्या, आधी कडेला, मग मध्ये. मला वाटलं, एका कडीनं केवढं काम केलं! माय भावाच्या लग्नाचं बोलायला लागली. चाळिशीकडे झुकलेल्या माणसाचं लग्न, पण तिला तो आता जाणार नाही असं वाटायला लागलं होतं.

चैत्र लागला आणि पाणी झपाट्यानं उतरायला लागलं. एका शनिवारी मी गावाला गेले, तर घाटावर पहिल्या दोन्ही कड्या रिकाम्या. पंपाचा तराफा नाही, होड्या नाहीत. घाटावर फक्त आमची बोट.

आता लिहिते ते मी कोणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, आम्ही आलो म्हणून ते गेले. आमच्या बोटीशेजारी त्यांना आपला तराफा नकोसा झाला. पंपाला नवी जागा शोधतील, पण आमच्या रांगेत बांधणार नाहीत. अंगातून आग निघाली माझ्या. आणि खरं सांगायचं तर आगीबरोबर आनंदही झाला. अख्खा घाट आमचा! ज्यांनी आयुष्यभर आम्हाला नालीकडे ठेवलं, त्यांनाच घाट सोडून जावं लागलं.

भाऊ माझ्या मागून पायऱ्या उतरून आला. म्हणाला, "बाई, पानी खाली गेलं. दोन हप्त्यांत बोट खडकाच्या वर येईन. मी तिले टेकडीमागं नेतो. मिरगानंतर परत आनू."

मी म्हणाले, "आता? आता नेली तर काय म्हणतील? ते गेले म्हणून आपणही पळालो? उद्या तिसऱ्या कडीत दुसरं काही बांधलं असेल. हलवायची नाही."

"वाऱ्याचं काय?"

"दोर वाढव. नांगर दुसरा टाक."

त्यानं दोर वाढवला, दुसरा नांगर टाकला. खडकात नांगर धरत नाही, हे साबण लावलेलं वजन बघूनही मला कळायला हवं होतं. मी त्या रविवारी डोंग्यात बसले होते. मला सगळं दाखवलेलं होतं.

वैशाखात, पौर्णिमेला चार दिवस राहिले असताना, दुपारी तीनच्या सुमारास वावधान सुटलं. मी सुट्टीसाठी घरीच होते, माय आणि मी चिंचा फोडत बसलो होतो. आधी मावळतीकडे आभाळ मातकट झालं, मग टिना वाजायला लागल्या. माय माझ्याकडे बघत होती. मी उठून धावले. वरच्या गावातून धावताना एका घराचा टिनाचा पत्रा माझ्या डोळ्यांदेखत उडून कडुनिंबावर जाऊन बसला.

घाटावर भाऊ छातीभर पाण्यात होता. बोट आणि पायरी यांच्या मध्ये खांदा लावून उभा. लाट आली की बोट उचलली जायची आणि खाली येताना खडकावर आपटायची. मी ओरडले, सोड तिला, सोड, चेंगरून मरशील. वाऱ्यात त्याला ऐकू गेलं की नाही माहीत नाही. डोलकाठी मोडली तेव्हा तो बाजूला झाला, सुदैवानं. त्यानंतर बोट आडवी होऊन शेवटच्या पायरीवर आली आणि तळाच्या फळ्या मोडण्याचा आवाज मला पायऱ्यांच्या वरपर्यंत ऐकू आला. कडी जागची हलली नव्हती, दोरही तुटला नव्हता. दोर तुटला असता तर बोट कदाचित बाजूच्या नालीच्या गाळावर जाऊन टेकली असती, असं भाऊ नंतर म्हणाला.

वारा अर्ध्या तासात पडला. टेकडीमागचं पाणी मी वरून बघितलं. तिथे नुसत्या बारीक लाटा होत्या.

सरपंच चार माणसं घेऊन आला. त्याच्या माणसांनी आमच्या लोकांबरोबर दोर ओढले, पाण्यात उतरले, फळ्या गोळा केल्या. हे लिहायला मला जड जातं, पण झालं ते असं. नंतर तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"टीचर बाई, आमी दरसाल चैतात तराफा काढून ठेवतो वरतं. होड्यावाले बी काढतात. या घाटावर वैसाखात काईच टिकत नाई. तुमाले माहीत नोतं काय?"

"कोणी सांगितलं नाही," मी म्हणाले.

"कोनं विचारलं बी नाई," तो म्हणाला.

आमच्या डोंग्यापासून वीस पावलांवरच्या घाटाची रीत वरच्या गावातल्या शेंबड्या पोराला माहीत होती आणि मला नव्हती, कारण आम्ही तिथे कधी पाय ठेवला नव्हता. हा दोष त्यांचा, आणि मी तो मरेपर्यंत त्यांच्याच पदरात टाकणार. पण चैत्रात ज्यानं मला येऊन सांगितलं तो वरच्या गावचा नव्हता. माझ्या आईच्या पोटचा होता.

बोट दुरुस्त होण्यासारखी राहिली नव्हती. भावानं एक महिना तिच्याभोवती घालवला, मग शीड धुवून वाळवलं आणि घडी घालून मायच्या खोलीत ठेवलं. बायका परत डोंग्यातून जायला लागल्या. मला कोणी एक शब्दही बोललं नाही. उलट वस्तीत सगळे म्हणत, बाईनं कडी तर मिळवून दिली. ती मंजुरी अजून आमच्या नावावर आहे, पंचायतीच्या फायलीत.

जूनमध्ये तो परत निघाला. मायनं त्याला अडवलं नाही, ती दारातसुद्धा आली नाही. मी त्याला माझ्या गाडीनं हमरस्त्यापर्यंत सोडायला गेले. बस यायला वेळ होता. इतक्या दिवसांत जे विचारलं नव्हतं ते मी तिथे विचारलं. म्हणाले, "तुला सगळं माहीत होतं. मग माझं काऊन ऐकलंस? तुझी बोट होती. मला न विचारता रातोरात हलवायची होतीस."

तो सडकेकडे बघत होता. म्हणाला, "चैतात मी तुले सांगाले आलो ना, तवा तू बोटीकडं पाह्यलंच नाई. त्या दोन रिकाम्या कड्या पाहून राह्यली होती. लहानपनापासून तुले इतकं खूस मी पाह्यलं नोतं. मंग मी कसा हलवू?"

वळणावर बस दिसली. त्यानं पिशवी खांद्याला लावली.

"घाट तुले पाह्यजे होता, बाई," तो म्हणाला. "मले तं नुसती बोट पाह्यजे होती."

रागानं म्हणाला असता तर मी भांडले असते, भांडण मला येतं. तो वाकून माझ्या पाया पडला आणि बसमध्ये चढला.